कबनूरच्या पावसाचा आलेख

प्रिंटरच्या गरम टोनरचा वास आला की आमच्या कोल्हापूरच्या वर्तमानपत्राची पावसाळी पुरवणी आठवते. गावोगावच्या पावसाचे आलेख आमचे चित्रकार हातानं काढत. स्वतःचं कबनूर ते मुद्दाम शेवटी ठेवत आणि वेळेअभावी ते दरवर्षी राहून जाई. एका वर्षी सगळे आलेख आपोआप काढून साठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. छपाई तोंडावर आली असताना फोल्डर उघडलं, तर आत एकच आलेख. “बाकीची गावं पुरात गेली व्हय रं?” चित्रकारांनी विचारलं. प्रत्येक आलेख एकाच नावानं साठवला जात होता, त्यामुळे नवा आधीच्याला पुसत होता. फाइलच्या नावात मी गावाचं नाव घातलं आणि फोल्डर भरत गेलं. कबनूर दिसताच ते म्हणाले, “हे आधी छाप की.” पुढं मी बरेच प्रोग्रॅम लिहिले, माझ्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद मात्र कबनूरच्या त्या आलेखाचाच आहे.