एफीच्या टोपीखाली

चाळीस वर्षं रंगमंचावर मी राण्या वठवल्या. पण ताठ मान म्हणजे काय, ते मला विनिफ्रेड ओल्ड्रॉइडनं दाखवलं. तिच्याशी जे घडलं त्याचा माझा राग आजही गेलेला नाही.

पहिल्या महायुद्धात लीड्सजवळच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात मी जेवणाच्या सुट्टीत गाणी म्हणायला जायची. गोळ्यांत दारू भरून भरून तिथल्या पोरींची कातडी पिवळी पडायची, हळद लागलेल्या नवरीसारखी. फक्त या हळदीपुढे लग्न नव्हतं, खोकला होता.

विनी फाटकावरची बाई-पोलीस. एका ठिणगीनं सगळं उडेल म्हणून आत धातूचा कणही न्यायचा नाही. लग्नाच्या अंगठीलासुद्धा दोरा गुंडाळायचा. बायकांची झडती रोज. मुकादम मात्र टोपीला हात लावून सरळ आत जायचे.

"विनीबाई, गुदगुल्या होतात हं!" गोळे भरणारी एफी लम झडतीत रोज ओरडायची. एका सोमवारी तिनं टोपी काढली, तर डोकं भादरलेलं.

"हे काय गं, कार्टे?"

"दारूनं तांबडे झाले होते, दिले कापून. एवढी वेणी ठेवून घ्या ना. आईनं पाहिली तर जीव घेईल."

"घाल टोपी. मी काही पाहिलं नाही."

गुरुवारी सकाळी एफीची शेड उडाली. एफीसकट तिघी गेल्या. एफीच्या टेबलाशी केसांची एक पिन सापडली आणि व्यवस्थापकानं निकालच लावला: पोरीचा निष्काळजीपणा. गाव म्हणालं, नटायची हौस नडली. शेजारणींनी एफीच्या आईशी बोलणं टाकलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकानं विनीला बोलावलं. "शेकडो बायका तपासता तुम्ही, एखादी पिन नजरेतून सुटते. एवढंच सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पोशाख उतरवून घरी जा."

त्या पोशाखासाठी विनीनं बापाच्या शिव्या आणि भावांची टिंगल सोसली होती.

चौकशी खानावळीच्या माडीवर झाली. मी मागच्या बाकावर होते. विनी उठली आणि कागदात गुंडाळून जपलेली एफीची वेणी तिनं टेबलावर ठेवली.

"साहेब, सोमवारपासून एफीच्या डोक्यावर पिन लावायला केसच नव्हते. आणि आमच्याकडे अशा पिनेनं बाप्ये तंबाखूचा पाईप साफ करतात. मुकादमांची झडती कोण घेतं?"

"प्रश्न मी विचारीन!" चौकशी करणारे साहेब गरजले.

एफीची आई उठली. वेणी हातात घेऊन म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही रागवाल म्हणून, लमबाई."

"वेडी पोर. मी रागावले असते, मग टोपी विणून दिली असती."

एफीच्या नावावरचा डाग धुऊन निघाला. पिन कुणाची, ते मात्र कुणी विचारलं नाही. निकालात लिहिलं, 'कारण अज्ञात'. मुकादम होते तिथेच राहिले. पुढे युद्ध संपल्यावर व्यवस्थापकाला पदक मिळालं, आणि विनीनं उरलेलं आयुष्य धोबीखान्यात लोकांच्या कॉलरींना इस्त्री करण्यात घालवलं.

चौकशीच्या त्या दिवशी विनी जिना उतरली, तेव्हा व्यवस्थापक दारातच उभा होता. तिनं डोक्यावरची पोलिसी टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"नीट तपासून घ्या, साहेब," ती म्हणाली. "आत पिन नाही."