बयाबाईंची धार
माझ्या सासूबाई बयाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, धनगराची लेक, माणसापेक्षा जनावराशी जास्त बोलायच्या. वडगाव रासाईत आमच्या गोठ्यात दोन गाया. कासेला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा न्हाई. २००७ साली अर्धांगवायूचा झटका आला आन् उजवा हात गेला. सहा महिन्यांनी बोटं हलायला लागली, तीबी मनात आणल्यावर जरा उशिरा. डावा हात पिळून मोकळा झाला तरी उजवा अजून वाटंतच. मी धारंला बसले की गाया पान्हा चोरायच्या, दूध सोडायच्याच न्हाईत.

माझे मालक, आमच्या प्रगतीचे पप्पा, रांजणगावला कंपनीत, शिफ्टवाले. त्यांनी ठरवून टाकलं, पुढच्या महिन्यात गाया व्यापाऱ्याला द्यायच्या. आत्याबाई जेवणावरनं उठल्या. मला म्हणाल्या, "सुषमा, महिना हाय ना मग?"

पुण्याच्या एका दवाखान्यात झटका आलेल्यांवर नवा प्रयोग चालला व्हता. डोक्याला ओले स्पंज बांधायचे, त्यातनं बारीक करंट सोडायचा. दहा वेळा जायचं, गॅरंटी कसलीच न्हाई. घरच्यांनी येड्यात काढलं. भ्याव मलाबी वाटत व्हतं, पर सासू हट्टाला पेटली म्हटल्यावर जातीय कुठं! दोन यष्ट्या बदलून आम्ही जायला लागलो.

चार खेपा झाल्या, फरक शून्य. पाचव्या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. बघत्यात तर आत्याबाई डोळे मिटून बसलेल्या, उचलाय दिलेले लाकडी ठोकळे बाजूला. का, म्हणून विचारलं तवा माझंच तोंड उतरलं. मीच बजावलं व्हतं, करंट चालू हाय, अजिबात हलू नका. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक खाल्लेली माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार?

बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, मेंदूकडनं हाताकडं निरोप जायची वाट झटक्यानं मोडली, म्हणून निरोप उशिरा पोचतो. करंट हात हलवत न्हाई, मेंदूला जरा जागं ठेवतो. त्याच वेळंला हात झटला तर नवी वाट पडायची आशा. म्हंजी पाटाला पाणी सुटलं व्हतं आन् दारं धरून ते वाफ्यात वळवायला कुणीच न्हाई. चार खेपा मी वाया घालवल्या. मला माझाच राग राग आला.

आत्याबाई म्हणाल्या, ठोकळे नकोत, सड द्या. बाईंना हसू आलं, पर त्यांनी रबरी हातमोज्यात पाणी भरून बोटांना भोकं पाडून दिली. मग करंट चालू असताना डावा-उजवा, डावा-उजवा. लुगडं भिजायचं. उजव्या हाताला शिव्या, "मुडद्या, निघालास का न्हाई?" घरीबी तेच, दिसभर. शेवटी हात थोडा लवकर यायला लागला. करंटनं का पिळण्यानं, ते बाईंनाबी सांगता येईना.

ठरल्या दिवशी सकाळी चांगदेव व्यापारी टेम्पो घेऊन आला. ह्यांनी एका गाईचं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. तवर आत्याबाई दुसरीखाली बादली घेऊन बसल्या. डाव्या हाताची धार बादलीत वाजायची, मग जरा सामसूम, मग उजव्याची. गाय रवंथ करत उभी. ह्यांनी घड्याळ बघितलं. कंपनीची बस चुकंल, आये, उरक, म्हणाले.

आत्याबाईंनी मान वळवली न्हाई. "माझा हात उशिरा येतो, पर येतो. गाय थांबलीय. घाई तुलाच हाय."

चांगदेवनंच गाय माघारी नेऊन जागेवर बांधली. मला रडू आलं. आत्याबाईंनी बादली उचलली आन् त्या गाईखाली जाऊन बसल्या.