मावशीच्या पिशवीतला कागद

आंधळगावातल्या आमच्या सोयरीकमावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी तिच्या कापडी पिशवीत पंचक्रोशीतल्या मुलामुलींचे बायोडाटे असायचे. कोणता कागद कोणाचा, हे ती घडीवरून ओळखायची.

मुलाच्या घरी गेली की बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघरात शिरून भाताचं पातेलं उघडून पाहायची. "भाताचा गंज पाह्यला का घर समजते," म्हणायची. "पोट्टं काय, नवे कपडे घालून कोनीबी बसते." तिने जमवलेली लग्नं टिकली. माझंही तिनेच जमवलं. सून होऊन मी तिच्या शेजारच्या घरात आले.

बायोडाटे लिहायची तिची भाची सुमन. आईवडील गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. अक्षर छापल्यासारखं. तिच्या लग्नाचा विषय काढला की मावशी म्हणे, "तिच्यासाठी हिरा शोधून राहिली मी. घाई नाई."

वरठीच्या कारखान्यातला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी सायकलने यायचा. त्याने पाच मुली नाकारल्या आणि दर वेळी सुमनकडून नवा बायोडाटा लिहून घेतला. "काहून रे, राजकन्या पायजे का तुले?" मावशी कावायची. तो मान खाली घालून चहा प्यायचा. शेवटी मावशीने त्याच्या आईला गाठून कोंढा गावची मुलगी पक्की केली. आईपुढे त्याचं चाललं नाही.

त्याच्या लग्नानंतर महिनाभराने मावशी पिशवी आवरत होती. त्याचा कागद माझ्यापुढे धरला. "वाच वो बाई, या पोट्ट्याले पायजे तरी काय होतं?"

अपेक्षांपुढे सुमनने त्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, 'मुलीचं अक्षर असंच असावं.'

मी ती ओळ त्याच्या लग्नाआधीच वाचली होती. हसलेही होते. नव्या सुनेने मोठ्यांच्या सोयरिकीत तोंड घालू नये म्हणून गप्प बसले.

मावशीने कागद घेतला, जुन्याच घडीवर मिटला. "दुनियेचे गंज पाहात हिंडली मी," एवढंच बोलली. पुन्हा तिने सोयरीक केली नाही. सुमनने पुढची सगळी स्थळं परतवली. मावशीने एकदाही जोर केला नाही.

यंदा धानकापणीत मावशी गेली. तेरवीनंतर मी लग्नाला आलेल्या माझ्या मुलीला घेऊन सुमनकडे गेले. हल्ली बायोडाटा मोबाइलवर होतो, तरी गेले. सुमनने नाव, शिक्षण लिहिलं. अपेक्षांपाशी पेन थांबवलं. मी सांगायला तोंड उघडलं.

"तू थांब वो," ती म्हणाली. "तिले बोलू दे."