वणव्यापुढे पाच वाड्या

टिटवाळ्यापलीकडच्या डोंगराने आमच्या शाळेच्या घरमालकांइतका चौकस माणूस दुसरा पाहिला नसेल. स्वराज्य नवं होतं, शाळा त्यांच्या पडवीत भरायची आणि मी तिथला एकुलता एक मास्तर. हे ठाकूर आदिवासी गृहस्थ रामराम घालायचे नाहीत, सरळ झडतीच घ्यायचे. कोणाकडे शिडी आहे, कोणाचा कोयता बोथट, कोण किती वेगानं टेकडी चढतो, सगळं त्यांना पाठ. पुतणीच्या लग्नात नवरदेवाला भर मांडवात विचारलं, "झाडावर चढतोस का?" त्यानं होकारार्थी मान हलवली तेव्हा कुठे अक्षता पडल्या. मला म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज किती लांब जातो?" मी बाराखडी ओरडून दाखवली. ते उदास झाले. "नाय. तुमी पोरां मोजा."

चैत्रातल्या एका दुपारी डोंगरावरून वणवा थेट वाडीकडे उतरू लागला. मालक दगडावर उभे राहिले आणि त्यांनी एकेका वाडीला हाळी घातली. दोन वाड्या त्यांच्याशी बोलत नव्हत्या, त्यांनाच आधी. "रुसलेत ना, माझी चूक काढायला धावत येतील." आणि खरंच आले! एका वाडीनं गवत कापून पट्टा मोकळा केला, दोन वाड्यांनी ओल्या फांद्यांनी जाळ झोडपला, चौथीनं छपरं भिजवली, आमच्या वाडीनं म्हातारीकोतारी आणि माझ्यासोबत शाळेची पोरं नदीत उतरवली. कल्याणहून जीपनं वनखात्याचे साहेब आले. "इथला प्रमुख कोण?" मालकांनी त्यांच्या हातात फांदी दिली. "आदी झोडपा, मंग सांगतो."

साहेबांनीही झोडपलं, टोपी जळेपर्यंत. उन्हं कलली तेव्हा आग पट्ट्यावर येऊन विझली. एकही छप्पर गेलं नाही.

"पोरां भरली?" मालकांनी विचारलं.

"तीनदा मोजली. भरली."

तेव्हा ते खाली बसले.

साहेबांनी लिहिलेला अहवाल मी मोठ्यानं वाचला: सरकारी पथकानं गावकऱ्यांच्या मदतीनं आग विझवली. मालक ऐकून म्हणाले, "वाड्यांची नावां कुठं हायेत?" साहेब ओशाळले. त्यांनी लेखणी माझ्याकडे दिली आणि मी समासात पाचही नावं लिहिली. मालकांना वाचता येत नव्हतं. काजळलेलं बोट अक्षरांना न लावता ते एकेका नावावरून फिरवत राहिले.

पुढे माझी बदली ठाण्याला झाली. तो कागद कुठल्या कपाटात गेला, कोण जाणे. मालकही गेले. पाच नावं मात्र मी अजून कधीमधी, कोणी जवळ नसताना, मोठ्यानं म्हणून पाहतो.