नीट झालं न्हवं?

हातातली पळी पंचपात्रात परत ठेवायची, क्षणभर तिच्याकडे टक लावून पाहायचे आणि मग मान माझ्याकडे वळवून विचारायचे, "शास्त्रीबुवा, तेवढं नीट झालं न्हवं?"

उमापूरच्या महादेवाचे ते वंशपरंपरेचे पुजारी. मी अंबाजोगाईच्या पाठशाळेत शिकून परतलेला आणि त्याच देवळात पुराण सांगणारा. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला किती वेळा आला, हे त्या महादेवालाच ठाऊक.

प्रश्न साधा, उत्तरही साधे. मी म्हणे, "झालं, उत्तम झालं." त्यांचा चेहरा उजळे. पूजा आटोपून ते घराकडे निघत, नंदीपर्यंत जात आणि तिथेच थबकत. "संकल्प सोडताना शब्द आधी आला का पानी आधी पडलं?" झाले! पुन्हा गाभारा, पुन्हा आचमन, पुन्हा संकल्प. तीर्थासाठी ओंजळ पुढे करून उभी राहिलेली मंडळी तशीच उभी. घरी नैवेद्याचा भात निवे, तूप थिजे. देव तेवढा मुकाट असे. त्याला दुसरा इलाज नव्हता.

आडावरची आंघोळ हे तर स्वतंत्र पर्वच होते. स्नान करून, ओलेत्याने देवळाकडे निघालेला हा सत्पुरुष अर्ध्या वाटेवरून मागे फिरे. का, तर पायाला कोंबडीचे पीस लागल्यासारखे वाटले. पीस कोणी पाहिलेले नसे. मोटेसाठी बैल घेऊन निघालेले पाटील एकदा मोठ्याने म्हणाले, "देव उपाशी मरंल बे, पर ह्यो मानूस आडावरून हालंना!" घरात त्यांची पत्नी म्हणे, "रांजण रिता केलात. आता काय डोळ्यांतलं पानी वतू अंगावर?"

आणि तरीही गावाचा समज काय झाला, पाहा. गाव म्हणे, केवढे हे सोवळे! आजारी लेकरे आणून त्यांच्या पायांवर घालीत. ज्याला आपल्या एका आचमनाची खात्री नाही, त्याच्याकडून लोक आयुष्याची खात्री मागत. आपल्यासारख्या भाविकांकडूनच अशी चूक होते; कारण भक्ती आणि भीती दोघीही पहाटे उठतात, दोघीही थंड पाण्याने न्हातात.

मलाही ती भीती ओळखता आली नसती. पण एकदा प्रदक्षिणेच्या वाटेवर ते माझ्याजवळ बसले. बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडून उललेली. म्हणाले, "लोकान्ला वाटतं, मी देवाच्या लई जवळ हाय. शास्त्रीबुवा, मला देवाकडं बघायलाबी फुरसत मिळंना."

त्या दिवशी मी माझी सगळी विद्या पणाला लावली. म्हणालो, "अहो, प्रत्येक पूजेच्या शेवटी क्षमा मागण्याचा मंत्र आहे, तो काय शोभेसाठी? माणसाच्या हातून चुकणारच, हे शास्त्राने आधीच धरलेले आहे."

त्यांनी नीट ऐकले, समाधानाने मान हलवली, उठले, चार पावले गेले आणि परत आले.

"पर तो क्षमेचा मंत्रच चुकला असला तर?"

मी गुरूंचे स्मरण केले, इष्टदेवतेचे केले, आणि नेहमीचेच म्हणालो, "नाही हो, उत्तम झालं." माझे 'उत्तम झालं' म्हणजे तहानलेल्याला दिलेले खारे पाणी आहे, हे मला तेव्हा उमगू लागले होते. पण दुसरे काय द्यावे, ते कळत नव्हते.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचे लग्न आले. वऱ्हाड गेवराईचे. मंडपात घटिकापात्र मांडलेले. पाण्यावर तरंगणारी ती बुडाला छिद्र असलेली तांब्याची वाटी भरून बुडाली की मुहूर्त. तत्पूर्वी वधूपित्याने वराचे पाय धुवून त्याला दही-मधाचा मधुपर्क द्यायचा. एवढाच विधी. त्याच्या संकल्पात गृहस्थ अडकले. पाणी सोडले, माझ्याकडे पाहिले, "नीट झालं न्हवं?" मी म्हणालो, "झालं." त्यांनी पुन्हा पळी भरली. पुन्हा सोडले. पुन्हा तोच प्रश्न.

वाटी अर्ध्याहून वर भरली होती. वराचे वडील पागोटे सावरीत उठले.

"शास्त्रीबुवा, लग्न आमच्या मुलाचं हाय का ह्या पळीचं? ही वेळ टळली तर आमी वऱ्हाड घेऊन माघारी जाणार, आधीच सांगतो."

गौरीहरापाशी बसलेल्या मुलीने मान वर केली. तिच्या मुठीतले तांदूळ खाली सांडत होते. बापाने तिच्याकडे पाहिले. आणि त्याने पळी पुन्हा भरली.

माझ्या आयुष्यात मी देवाब्राह्मणांसमोर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढला.

"नाही झालं नीट! चुकलं! चुकलेलंच पोचू द्या देवाला. धुवा पाय!"

ते माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत असे कोणी म्हटलेच नव्हते. त्यांना जे भय रात्रंदिवस वाटे, ते मी भर मंडपात बोलून टाकले, आणि वरून आभाळ कोसळले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी पळी खाली ठेवली आणि जावयाच्या पायांवर तांब्या ओतला. मी घाईघाईने अंतरपाटाकडे धावलो. वाटी बुडाली तेव्हा शेवटचे मंगलाष्टक चालू होते आणि मुलगी हसत होती.

पुढे त्यांच्या पत्नीने माझे वाक्य उचलले. आडावरून परत फिरू लागले की दारातून म्हणे, "लागलं असंल पीस. असू द्या." कधी ते ऐकत, कधी तासभर वाद घालीत. बरे झाले असे मी म्हणणार नाही. पण नैवेद्य बऱ्याच दिवशी ऊन असताना देवापुढे येऊ लागला.

गेल्या माघात ते गेले. दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठी पिंड मांडला आणि बाजूला उभे राहिलो. बाभळीवर कावळा होता. तो खाली येईना. काहीतरी इच्छा राहिली असेल म्हणून एकेकजण पुढे होऊन वचन देऊ लागला. पुतण्या म्हणाला, "काका, देवाची पूजा मी नीट करीन." जावई म्हणाले, "तुमच्या लेकीला नीट सांभाळीन." पाटील म्हणाले, "म्हाराज, समदं नीट हुईल!" कावळ्याने मान तिरकी केली, पिंडाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पुन्हा फांदीवर चोच पुसू लागला.

ऊन डोक्यावर आले. मी काय ते समजलो. पुढे जाऊन हात जोडले आणि म्हणालो, "सगळं काही नीट झालेलं नाही. होणारही नाही. असू द्या."

कावळा उतरला. पिंडाला शिवला आणि उडाला. मंडळी सुटकेचा श्वास टाकून वळली. मी मात्र तिथेच उभा राहिलो; मला त्यांची सवय ठाऊक होती.

बाभळीपर्यंत जाऊन तो परत आला, आणि त्याने पुन्हा एकदा चोच लावून पाहिली.