मशीनचा पोळा

त्या उन्हाळ्यात आमची म्हैस बाहेर कडुनिंबाखाली होती आणि मशीन गोठ्यात. तुरीची डाळ करायचं मशीन. माझ्या यजमानांना हे सगळं उलटं वाटायचं आणि सकाळी दूध काढून घरात आले की एकदा तरी ते तसं बोलून दाखवायचेच. "पाऊस आला म्हंजे म्हैस कुठी बांधू? तुह्या मशीनच्या मांडीवर?" डाळ केली की उरते ती चुनी खायला लागल्यापासून म्हैस दूध जास्त देत होती, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण तोंडानं कबूल करणं त्यांच्या घराण्यातच नाही.

मशीन आलं ते एका प्रतिष्ठानाकडून. हे प्रतिष्ठान म्हणजे सरकार नाही आणि कोणी मोठा शेठही नाही. आपल्याच जिल्ह्यातले काही डॉक्टर, दुकानदार, निवृत्त मास्तर आणि इथून शिकून पुण्या-नागपूरला नोकरीला लागलेली मुलं, यांनी मिळून एक निधी उभा केलाय आणि त्यातून ते गावांना हातभार लावतात. काय हवं ते गावानं ठरवायचं. एका गावानं विहिरीतला गाळ काढून घेतला, एकानं वाचनालय मागितलं. आमच्या बायकांच्या गटात मात्र आधी यथासांग भांडण झालं. कोणाला शिलाई मशीन हवं होतं, कोणाला लग्नकार्याची भांडी. मी अंगणवाडीत आयुष्य काढलेलं, त्यामुळे रडणं-भांडणं मला नवं नाही. मी म्हटलं, आपल्या शेतात तूर पिकते, ती आपण ढाणकीच्या बाजारात विकतो आणि येताना तिथूनच डाळ विकत आणतो, याची कोणाला लाज वाटते का? हळूहळू सगळ्या डाळीच्या मशीनवर आल्या. मीही बाजारातूनच डाळ आणत होते, म्हणून जास्त ताणलं नाही.

प्रतिष्ठानाची रीत अशी, की आधी मशीन देतात. ते खरंच वापरात आहे हे डोळ्यांनी पाहिलं की पुढची मदत करतात. आमच्यासाठी ती मदत म्हणजे मशीनपुरती शेड आणि तूर वाळवायला सिमेंटचा ओटा. ही रीत मला मनापासून पटते. फुकट आलेल्या आणि कोपऱ्यात गंजून गेलेल्या वस्तू आमच्या तालुक्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मशीन चालवायची माझी नणंद. सासर सुटल्यावर ती आमच्याकडे आली आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. घरात काही कमी होतं म्हणून नव्हे. भावाच्या घरी बसून खाते असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. कोणी तसं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, पण तिच्या कानात ते कायमच ऐकू येत असावं. घरात सगळ्यांच्या मागून जेवायची, चहाही उरला तर प्यायची. मशीन आलं आणि ती बदलली. एकदा भावानं जेवायला हाक मारली तर गोठ्यातून ओरडून म्हणाली, "थांब भाऊ, काम चालू हाय." भाऊ चकित झाला आणि मुकाट्यानं थांबला. मला फार बरं वाटलं.

पण मृग लागायच्या आत गोठा मोकळा व्हायलाच हवा होता. म्हैस आणि तिची लहानगी वगार पावसात बाहेर ठेवता येत नाही, याबाबत यजमान बरोबर होते आणि मी ते त्यांना कळू देत नव्हते. शेड झाली असती तर मशीन तिकडे गेलं असतं. नाही तर ते ताडपत्रीखाली गुंडाळलं जाणार आणि नणंद पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात. तिनं यातलं एकही अक्षर कधी तोंडातून काढलं नाही. मीच रात्रंदिवस घोकत होते.

अशात निरोप आला, की प्रतिष्ठानाच्या डॉक्टरबाई आणि एक निवृत्त मास्तर मशीन बघायला येणार आहेत. झालं, गट कामाला लागला. मशीन दोन दिवस बंद ठेवलं. खाचाखोचांतली टरफलाची धूळ कापसाच्या बोळ्यानं काढली. गोठा सारवला, भिंतींना चुना दिला, दारात रांगोळी काढली. यजमानांनी म्हशीलासुद्धा धुतलं, जणू बाई तिलाच बघायला येणार होत्या. आणि त्या दिवशी सकाळी आम्ही मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. लोक नंतर आम्हाला हसले. पण ज्या वस्तूच्या जिवावर पाहुणे दारी येणार, तिची पूजा करायची नाही तर कोणाची करायची? मला आजही त्यात चूक दिसत नाही.

पाहुणे आले. मास्तरांनी मशीनवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट स्वच्छ. नाकाला टरफलाचा वास नाही, जमिनीवर एक दाणा नाही. बाईंनी विचारलं, वापरता ना? आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, रोज. मग जरा सुरू करून दाखवा, त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमच्याकडे पूजा केलेलं अवजार त्या दिवशी राबवत नाहीत. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, दसऱ्याला विळा-कुऱ्हाड हातात घेत नाहीत. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की पूजा करताना एकीच्याही डोक्यात आलं नाही की पाहुणे मशीन चालवून बघायला येतायत. नणंद खाली बघत हळूच म्हणाली, की आज सुरू करता येणार नाही.

मास्तर भला माणूस. बिघडलं असेल तर सांगा, आम्ही रागावणार नाही, असं म्हणाले. मी पूजेचं सांगायला लागले. जितकं सांगत गेले तितकं ते मलाच थाप वाटायला लागलं. त्यांना पोळा माहीत होता, पण मशीनचा पोळा त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. बाई पन्ह्याचा पेला खाली ठेवून गोड आवाजात म्हणाल्या, "हरकत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा येऊन बघू." नणंदेनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

तेवढ्यात याडी आली. याडी म्हणजे नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची म्हातारी. गोर बोलीत आईला याडी म्हणतात, आणि आमच्या गावातही तिला सगळे तेच म्हणतात. मशीन बंद असल्याचा निरोप आम्ही गावभर दिला होता, तांड्यावर द्यायचं राहून गेलं होतं. डोक्यावर तुरीचं गाठोडं, मागे सुनेच्या डोक्यावर दुसरं. पाहुण्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"परवा आली त बंद. काल आली त बंद. आज बी बंद?" तिनं गाठोडं धाडकन सारवलेल्या जमिनीवर टाकलं. "मंग हे मशीन आणलं कायले व, आरती कराले?"

नणंद म्हणाली, "याडी, आज पूजा केली त्याची. आज नाही चालवत."

"माह्या नातीचं बारसं हाय उद्या. सारा तांडा जेवाले येणार. वरण कशाचं करू, पाण्याचं?" मग याडीनं आवाज खाली आणला. "पोळ्याच्या दिवशी घरात बाई अडली, त तुम्ही बैल जुंपत नाही का?"

बाळंतपणात बाई अडली तर पोळ्यालाही गाडीला बैल जुंपतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. आमची बघाबघी चालू होती तोवर नणंद पुढे झाली. तिनं मला विचारलं नाही, भावाला विचारलं नाही, पाहुण्यांकडे तर वळूनही पाहिलं नाही. मशीनच्या पाया पडली, हार काढून खुंटीला अडकवला आणि बटण दाबलं.

पुढचा वेळ बोलायची सोयच नव्हती. नवा चुना दिलेली भिंत पिवळी झाली. मास्तरांचा पांढरा सदरा पिवळा झाला. डॉक्टरबाई शिंकत होत्या आणि शिंकता शिंकता हसत होत्या. मशीनचा आवाज गावात गेला, तशा दोन दिवस खोळंबलेल्या बाया आपापली तूर घेऊन आल्या आणि गोठ्याच्या दारात कोणाचा नंबर पहिला यावरून जुंपली. मी त्यांना आवरणार होते. मास्तरांनी मला थांबवलं. भांडू द्या, म्हणाले, आम्हाला हेच बघायचं होतं.

निघताना बाई म्हणाल्या, की पुढच्या वेळी सांगून येणार नाही.

मृगाच्या आधी शेड झाली, ओटा झाला. म्हैस गोठ्यात गेली आणि यजमानांची सकाळची तक्रार बंद पडली. घर थोडं सुनंसुनं वाटलं, पण मग त्यांना ओट्यावर वाळणाऱ्या तुरीत चिमण्या शिरतात अशी नवी तक्रार सापडली.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई खरंच न सांगता आल्या. गाडीतून उतरल्या त्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत त्यांच्या वडिलांच्या शेतातली तूर, तेल-पाणी लावून नीट वाळवलेली. मी धावलेच. पन्हं नाही, रांगोळी नाही, शेडमध्ये धूळच धूळ, आणि मी बाईंची पिशवी घेऊन थेट मशीनकडे निघाले. नणंदेनं मान वर केली. केसांपासून भुवयांपर्यंत धुळीनं पिवळी झालेली. पिशवी कोणाची ते तिनं बघितलं, बाईंना ओळखलं, छान हसली. म्हणाली, "बसा मॅडम. तुमच्या आधी याडीचा नंबर हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र निमूटपणे ओट्यावर याडीशेजारी जाऊन बसल्या, आणि याडीनं त्यांना नातीचे दात येत असल्याची हकिकत सुरुवातीपासून सांगायला घेतली.

यजमान घरातून चहा घेऊन आले. आमच्या घरी चहा आधी पाहुण्यांना, हा नियम त्यांच्या आजोबांपासूनचा. ते बाईंसमोरून पुढे गेले, मशीनपाशी गेले आणि पहिला कप बहिणीपुढे धरला.

"थांब भाऊ," ती म्हणाली, "काम चालू हाय."

ते कप धरून तिथेच उभे राहिले, चहात धूळ पडू नये म्हणून वर हात धरून.