तळाचं पाणी

वरच्या तळ्यात मासे पाळणारा सदू तांब्याभर पाणी काढून माझ्यासमोर गटागट प्यायला. "बघा शेठ, उगाच तापता."

पाणी नितळ होतं. पण मी बाजारात भाजीची टोपली घेऊन बसत मोठा झालोय. चांगला माल वर मांडायची रीत मला ठाऊक आहे. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण तळाशी कुजते, आणि ओढ्यात पाणी सोडणारा त्याचा पाइपही तळाशीच आहे. माणसंसुद्धा बहुधा वरचंच दाखवतात. शेजाऱ्याच्या वाट्याला तळ येतो.

मी तांब्या पाइपखाली धरला. पाणी काळपट होतं, कुजका वास मारत होतं.

"आता हे पी."

"शेठ, हे प्यायचं नसतं, सोडायचं असतं."

खाली ओढ्यात माझ्या म्हशी पाण्याला तोंड न लावता उभ्या होत्या.